चतकोर भाकरीला घेतलेली मुलगी

चंपाबाईंना शंभरपैकी एकतीस गुण मिळाले. आमच्या प्रसूती रुग्णालयातील एकशे बारा कर्मचाऱ्यांमध्ये हे सर्वांत कमी गुण होते. ज्या प्रश्नपत्रिकेने त्यांना हे गुण दिले, तिचे मराठी भाषांतर मी केले होते. ही गोष्ट आरंभीच नोंदवून ठेवतो. पुढे मला अनेकांविषयी तक्रार करायची आहे, आणि त्या यादीतून स्वतःचे नाव तेवढे गाळले, असे कोणी म्हणू नये.

मी या रुग्णालयाचा अभिलेख विभाग सांभाळतो. त्यापूर्वी अकरा वर्षे तासिका तत्त्वावर महाविद्यालयात मराठी शिकवले. मराठवाड्यातील विशेषनामे या विषयावर एम.फिल. केले. कायमची नेमणूक कधी झाली नाही, त्याची कारणे सर्वांना ठाऊक आहेत आणि ती सांगून मी वाचकाला कंटाळा आणणार नाही. सध्या त्या पदवीचा उपयोग भिंतींवरील फलकांचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारण्यापुरता होतो.

चंपाबाई देवगाव रंगारीच्या. वय छप्पन, शिक्षण चौथी. हर्सूलकडे दोन खोल्यांत मुलगा, सून, तीन नातवंडे आणि एक शेळी यांच्यासह राहतात. एकोणीस वर्षे त्या प्रसूती कक्षात आया आहेत. कागदोपत्री त्यांचे पद 'सहायक कर्मचारी' असे आहे. बाळंतिणीला उठवणे-बसवणे, कपडे बदलणे, बाळ पुसून गुंडाळणे आणि फरशी स्वच्छ ठेवणे, एवढी चार कामे त्यांच्या नेमणूकपत्रात लिहिली आहेत. पाचवे काम कोणी लिहिले नाही, कारण त्याला कार्यालयीन भाषेत नाव नाही.

त्याचे एक उदाहरण देतो. एका सुनेला तिसरी मुलगी झाली. सासू बाहेर बाकावर तोंड फिरवून बसली. परिचारिकेने तिला मुलगा-मुलगी समानतेचे पत्रक दिले. सासूने ते घडी करून बाकाखाली सरकवले. थोड्या वेळाने चंपाबाई कपड्यांची टोपली कमरेवर आणि बाळ हातात घेऊन आल्या. सासूपुढे थांबून म्हणाल्या, "आत्या, जरा हे धरा वं. कंबरंत चमक भरली माझ्या." सासूने नकळत हात पुढे केले. चंपाबाई टोपली घेऊन ज्या गेल्या, त्या पाऊण तासाने परतल्या. तोवर सासू बाळाच्या मुठीतून आपला पदर सोडवण्याचा प्रयत्न करीत होती, आणि तो फारसा मनापासून चालला नव्हता.

ही बाई भावनिकदृष्ट्या अप्रगत आहे, असे आमच्या संस्थेने छापील प्रमाणपत्रानिशी ठरवले.

झाले असे की रुग्णालयाला एक मोठे मानांकन हवे होते. संचालकांचे चिरंजीव ऋतुराज सर व्यवस्थापनाचे शिक्षण घेऊन परतले होते. त्यांनी बाहेरची एक कंपनी नेमली. कंपनीने 'भावनिक बुद्धिमत्ता मूल्यमापन' नावाची वीस विधानांची प्रश्नपत्रिका पाठवली. प्रत्येक विधानापुढे पाच चौकोन: पूर्णपणे असहमत ते पूर्णपणे सहमत. ती कुठल्या देशातील कोणत्या माणसांना डोळ्यांसमोर ठेवून रचली होती, हे कोणी विचारले नाही. मला इंग्रजी प्रत देण्यात आली आणि दोन दिवसांत मराठी करायला सांगण्यात आले. मी केले. शब्द शुद्ध होते. 'समानुभूती', 'आत्मप्रकटीकरण', 'भावनियमन'. त्या भाषांतराचा मला त्या वेळी थोडा अभिमानही वाटला होता.

ज्यांना वाचणे कठीण जाते, अशा सात आयांना ती प्रश्नपत्रिका मी भोजनकक्षात बसून वाचून दाखवली.

"अनोळखी व्यक्तीशी बोलताना मी तिच्या डोळ्यांत पाहून बोलते," मी वाचले.

"नाय," चंपाबाई म्हणाल्या.

"का नाही?"

"सर, ती बाई उघडी पडलेली असती. तिच्या डोळ्यात कशाला बघू? मी भिंतीकडं बघून बोलती. तिला बरं वाटतं."

मी 'पूर्णपणे असहमत' या चौकोनात खूण केली. एक गुण.

"मी इतरांचे त्यांच्या समोर मोकळेपणाने कौतुक करते."

"तोंडावर? नाय बा. तोंडावर कौतुक करणाऱ्या माणसाचं मला लई भ्या वाटतं."

बाकीच्या सहाजणी हसल्या. एक गुण.

"अस्वस्थ झाल्यावर मी काही वेळ एकटी राहते आणि स्वतःच्या भावनांचे निरीक्षण करते."

"एकटी कुठं राहू? संडासात?"

एक गुण.

असे वीस वेळा झाले. प्रत्येक उत्तरात मला जे ऐकू येत होते, त्याला त्या पाच चौकोनांत जागा नव्हती. मी पेन खाली ठेवायला हवे होते. ठेवले नाही. मी खुणा करीत गेलो, कारण मला खुणा करायला सांगितले होते. निकाल लागला तेव्हा सर्वाधिक गुण स्वागतकक्षातील एका गृहस्थाला मिळाले. त्याच्याशी बोलून आलेला प्रत्येक नातेवाईक दुसरी खिडकी शोधतो.

यानंतर मार्च महिन्यात आफरीन आली.

आफरीन पाचोडची सून. नवऱ्याचे तेथे कापडाचे दुकान. याआधी तिला दोन मुले झाली होती. पहिला मुलगा चार दिवस जगला, नंतरची मुलगी अकरा दिवस. दोन्ही वेळी प्रसूती दुसरीकडे झाली होती. या वेळी सासू गुलशनबी तिला शहरात घेऊन आल्या होत्या. सकाळी आठच्या सुमारास मुलगी झाली. वजन चांगले, रडणे चांगले, सर्व तपासण्या ठीक.

त्याच महिन्यात आमच्याकडे 'स्वागत उपक्रम' सुरू झाला होता. बाळाच्या पाळण्याला गुलाबी फुगा, डोक्यावर कागदी मुकुट, छायाचित्रासाठी पुठ्ठ्याची चौकट. खोलीत जाणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याने मातेचे नाव घेऊन अभिनंदन करावे आणि बाळाविषयी किमान एक कौतुकाचे वाक्य बोलावे, असा लेखी आदेश होता. दुपारपर्यंत नऊ कर्मचारी त्या खोलीत गेले आणि नऊजणांनी आदेश पाळला. किती गोड आहे. किती गोरी आहे. अगदी बाहुली. दृष्ट लागेल अशी आहे, असेही कोणी हौसेने म्हणाले.

दोन मुले पुरलेल्या बाईला हे सांगितले जात होते. प्रत्येक वाक्यासरशी आफरीन भिंतीकडे आणखी वळत गेली. तिने बाळाला हात लावला नाही, पाजले नाही. शेवटी ती म्हणाली, "इसको मेरे सामने से हटाओ." परिचारिकेने नोंदवहीत लिहिले: 'मातेने बाळाचा स्वीकार केलेला नाही. समुपदेशनाची शिफारस.'

दुपारी एकच्या सुमारास जन्मनोंदणीच्या कागदावर सही घेण्यासाठी मी त्या खोलीच्या दाराशी उभा होतो. दार अर्धे उघडे, आत पडदा ओढलेला. माझ्याशेजारी मनुष्यबळ अधिकारी उभ्या होत्या, मानांकनाची यादी तपासत. त्यांचे नाव संस्कृती. या योगायोगावर मी काही भाष्य करणार नाही. आम्ही दोघांनी आतले सर्व ऐकले. शब्द तेच ऐकले.

चंपाबाई आत होत्या. प्रथम फुगा उतरवल्याचा आवाज आला, मग कागद चुरगाळल्याचा.

"हे काय चिटकवलंय डोक्याला," त्या म्हणाल्या. मग आवाज चढवून, जणू कक्षभर विचारत असल्यासारखे, "कोणी टाकलं गं हे इथं? केरात टाकायचं सोडून पाळण्यात टाकलंय."

पाळणा करकरला; त्यांनी बाळ उचलले असावे.

"अगं बया. काळं बेंद्रं. नाक तर बघा, कोणी वर पाय दिल्यावानी. आमच्या देवगावला उकिरड्यावर सुदीक याच्याहून बरी चीज घावती. बाई, तुझं का काय हे?"

मग भिंतीकडून, अगदी खालच्या आवाजात आफरीन म्हणाली, "मेरा नहीं है."

"तेच म्हणते. तुझं कसं आसंल? तू दिसाया बरी हाईस. मंग मी नेऊ का? घरी शेळी हाय माझी, तिच्यापाशी पडंल. मोठी झाली की लेंड्या झाडाया लावीन."

गुलशनबींना सारे कळले होते. त्या म्हणाल्या, "ले जाओ बाई. हमकू क्या करना. कामाची चीज नाही ती."

"नेते मंग."

चपलेचा आवाज दोन पावले दाराकडे आला. तेवढ्यात आफरीन म्हणाली, "कितने को देते?"

"काय?"

"बेचते तो कितने को देते, पूछ री."

"इकायची म्हनतीस?" चंपाबाई थांबल्या. "पसाभर ज्वारी."

"दवाखान्यात ज्वारी कुठून आणू मी?" गुलशनबी म्हणाल्या. "डब्बे में भाकरी है, सबेरे की."

"सगळी नको. असल्या मालाला सगळी भाकरी कोण घेतं? चतकोर द्या."

डब्याचे झाकण उघडले. भाकरी मोडल्याचा तो बारीक आवाज दारापर्यंत आला.

"धर," चंपाबाई म्हणाल्या. "आता माझ्याकडं माघारी आणू नको. बदलून मिळायची नाय."

आफरीन हसली. ते हसू मध्येच मोडले आणि ती रडू लागली. आवाज न दाबता, पोट रिकामे होईपर्यंत रडली. त्या रडण्यातच बाळाच्या चोखण्याचा आवाज मिसळला. मी कागद खिशात घातला. त्या वेळी सही मागण्याइतका निर्लज्ज मी नव्हतो. चंपाबाई पडद्याबाहेर आल्या तेव्हा त्यांच्या तोंडात घास होता. व्यवहार पुरा करण्यासाठी ती चतकोर भाकरी त्या तिथेच उभ्याने खात होत्या.

संस्कृती मॅडमचा चेहरा पांढरा पडला होता. ती मुलगी दुष्ट नव्हती. दुष्ट असती तर मला हे लिहिणे सोपे गेले असते. तिच्या डोळ्यांत खरोखर पाणी आले होते.

"सर, तुम्ही ऐकलंत ना?" तिने मला बाजूला घेऊन विचारले. "नवजात बाळाला काळं म्हणाली, कचरा म्हणाली. आणि विकलं. आपल्या आवारात."

"मॅडम, ही रीत आहे. ज्यांची मुले जगत नाहीत, त्यांच्या घरी करतात. मूल टाकाऊ आहे असे भासवायचे, दुसऱ्याने उचलायचे आणि आईने क्षुल्लक मोलाने परत घ्यायचे. म्हणजे मृत्यूला वाटते, हे नेण्यासारखे नाही."

"पण बाळाच्या मनावर काय परिणाम होईल? आत्मविश्वास?"

"आपल्या जिल्ह्यातली मतदारयादी पाहा. सांडू म्हणजे सांडून दिलेला. कडुबा म्हणजे कडू, कोणी चाखू नये असा. पुंजाराम म्हणजे केराचा पुंजका. ही सगळी अतोनात हव्या असलेल्या मुलांची नावे आहेत. माझ्या वडिलांचे नाव पुंजाराम. एक्क्याऐंशी वर्षे जगले. त्यांच्या आत्मविश्वासापुढे घरात कोणाला तोंड उघडता आले नाही."

ती क्षणभर हसली. मग गंभीर झाली. "असेल सर. पण संदर्भ म्हणून हे सगळं फॉर्ममध्ये कुठे लिहायचं? तिथे 'घटना' आणि 'उल्लंघनाचा प्रकार' एवढे दोनच रकाने आहेत."

एक गोष्ट मी तिला सांगितली नाही. मी गेली तीस वर्षे स्वतःचे नाव 'राजेंद्र पी.' असे लिहितो. ज्या मायेने आजीने तो शब्द निवडला, तिची मला शहरात लाज वाटली. एम.फिल. त्याच शब्दांवर केले आणि नाव आद्याक्षरात दडवले. तेव्हा रकान्यांना नावे ठेवण्याचा अधिकार मला किती आहे, हे मी जाणतो. तरीही ठेवतो.

कारण हा प्रश्न एका फॉर्मचा नाही. माणसाने दुःख कसे ओळखावे, धीर कसा द्यावा, राग कुठे ठेवावा, हे तो ज्या घरात, ज्या भाषेत वाढतो तिथून शिकतो. कुठे डोळ्यांत पाहणे हा विश्वास असतो, कुठे नजर वळवणे हा आदर असतो. कुठे कौतुक बोलून दाखवतात, कुठे ते शिवीत गुंडाळून ठेवतात, कारण उघडे ठेवलेले हरवते असा पिढ्यांचा अनुभव असतो. जिथे पाचांपैकी दोन मुले जगत होती, तिथल्या बायांनी ही भाषा घडवली आहे. ती समजून घेणे म्हणजे भावनिक बुद्धिमत्ता. आम्ही मात्र परक्या घराची फूटपट्टी आणली, आणि तिने मोजून आमच्याच घरातल्या शहाण्या माणसाला वेडे ठरवले. या उद्योगाला आमच्याकडे विकास म्हणतात.

तक्रार दाखल झाली. चंपाबाईंना प्रसूती कक्षातून काढून बाह्यरुग्ण विभागाच्या जिन्यावर झाडूकामाला लावण्यात आले. चौकशीत त्या दोषी ठरल्या तर त्यांना तळघरातील धुलाई विभागात कायमचे पाठवायचे आणि बाळंतिणींपाशी जाण्यास मनाई करायची, असे ठरले. पगारात फरक पडणार नव्हता. व्यवस्थापन त्याला उदारपणा म्हणत होते. चंपाबाईंना पगाराची चिंता नव्हतीच. "खाली कपडेच असत्यात, सर," त्या मला म्हणाल्या. "कपड्यांशी काय बोलावं माणसानं?"

जिन्यावर उभे असताना मी त्यांना विचारले, "चंपाबाई, तुम्ही नजर मानता?"

"नाय वं. आमच्या घरात बाबासाहेबांचा फोटो हाय. बापानं नजर, उतारा, समदं बंद केलं. माझ्या भावाला आजीनं चोरून सुपातनं सांडलं, तर बाप चार दिवस तिच्याशी बोलला नाय. शाळेत त्याचं नाव आनंद लावलं. गावानं सांडूच ठेवलं, ते सोडा."

"मग आफरीनपाशी हे सगळे का केलेत?"

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, जशा नजरेने मी माझ्या मंद विद्यार्थ्यांकडे पाहत असे.

"माझा इस्वास नाय, तिचा हाय. पोर कोणाची हाय? माझी का तिची?" मग झाडूचा दांडा आपटून बांधणी घट्ट करीत म्हणाल्या, "सकाळधरनं समदे तिला म्हनायले, पोर लई चांगली हाय. म्हंजी काय म्हनायले? ही बी जानार. तिला तेच ऐकू यायलं. मी तिथं तिला शाळा शिकवाया बसू का, का पोरगी पाजाया लावू?"

चौकशी दीड महिन्याने झाली. मुलीला लस देण्यासाठी आफरीन आणि गुलशनबी येणार होत्या, तोच दिवस ठरवण्यात आला. समितीत ऋतुराज सर, संस्कृती मॅडम आणि मुख्य परिचारिका होत्या. इतिवृत्त लिहिण्यासाठी मी होतो. चंपाबाई दाराशेजारी उभ्या होत्या. त्यांना बसायला कोणी सांगितले नाही.

आफरीन मुलीला ओढणीखाली घेऊन बसली. मुलीच्या कपाळावर रुपयाएवढा काजळाचा ठिपका होता. मुलगी धडधाकट होती, एवढेच लिहितो. त्याहून अधिक लिहिण्याचे धाडस आता मला होत नाही.

"ताई, घाबरू नका," संस्कृती मॅडम फार मायेने म्हणाल्या. "इथे तुम्ही मनातलं मोकळेपणाने बोलू शकता. या बाई तुमच्या बाळाला काळी म्हणाल्या का?"

"हां," आफरीन म्हणाली.

"कचऱ्यातली म्हणाल्या?"

"हां, बोली."

"तुम्हाला काय वाटलं तेव्हा?"

आफरीनने चंपाबाईंकडे पाहिले. चंपाबाई भिंतीकडे पाहत होत्या. आफरीनपुढे कोणता पेच होता, हे तिथल्या तीन सदस्यांपैकी एकालाही उमगले नाही. चंपाबाईंना वाचवायचे तर म्हणायला हवे होते की ते सारे खोटे होते, माझी मुलगी सुंदर आहे, लाडकी आहे, आणि या बाईने तिला जपण्यासाठी तसे म्हटले. म्हणजे जे झाकले होते, तेच अधिकाऱ्यांसमोर, टेबलावर, मुलीच्या देखत उघडे करायचे.

"क्या लगना?" आफरीन म्हणाली. "बराबर बोली. है ही वैसी."

संस्कृती मॅडमनी ऋतुराज सरांकडे पाहिले. आघातातून न सावरलेली माता, असे त्या नजरेत स्पष्ट लिहिले होते.

"आणि विक्रीबद्दल?" ऋतुराज सरांनी विचारले. "पैशांची मागणी झाली होती?"

गुलशनबी सावरून बसल्या. या प्रश्नावर त्यांना कोणताही संशय राहू द्यायचा नव्हता. "पैसा नहीं, साहब. भाकरी. चतकोर भाकरी में लिए हम. पूरा सौदा हुआ, बाई ने हमारे सामने खाई. अब ये हमारी खरीदी हुई है. बाई का उसपे कुछ हक नहीं, लिखके लेव."

मी ते लिहून घेतले. मग मात्र मला राहवेना. मी पेन ठेवून उठलो. "सर, एक खुलासा करायला हवा," असे म्हणालो.

"सर," चंपाबाई दाराशेजारून म्हणाल्या, "तुम्हाला लिहाया बसवलंय ना? लिहा."

त्यांनी मुलीकडे बोट दाखवले नाही, नुसती हनुवटी किंचित हलवली. मी खाली बसलो.

त्या दोघी लशीसाठी गेल्यावर मी समितीपुढे सर्व सांगितले. नावे, रीत, तिचे कारण. ऋतुराज सरांनी शांतपणे ऐकले. "फार रोचक आहे, सर. यावर तुम्ही लेख लिहा," ते म्हणाले. "पण माता आणि आजी दोघींनी आरोपाला दुजोरा दिलाय. मी मानांकनवाल्यांना लेख दाखवू शकत नाही. एक करता येईल. त्या मातेने लिहून द्यावं की ते शब्द कौतुकाचेच होते आणि मुलीविषयी चांगल्याच भावनेने बोलले गेले. शुक्रवारी पाचपर्यंत असं सहीचं निवेदन आलं, तर मी प्रकरण बंद करतो."

मला ती फार मोठी सवलत वाटली. माझ्यासारख्या माणसाला कागद म्हटला की आशा वाटते. त्याच संध्याकाळी मी निवेदन तयार केले. 'माझी कन्या सुदृढ व देखणी असून श्रीमती चंपाबाई यांनी तिचे कौतुक करण्याच्या हेतूनेच उपरोक्त शब्द वापरले, याची मला पूर्ण कल्पना होती.' खाली सहीसाठी रेघ आखली. दुसऱ्या दिवशी पाचोडला जाण्यासाठी मी अर्ध्या दिवसाची रजाही टाकली. निघण्यापूर्वी तो कागद चंपाबाईंना जिन्यावर वाचून दाखवला.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकला. "देखणी म्हंजी चांगली दिसनारी ना?"

"हो."

"आन् हे ती सही करनार?"

"करील ना. तुमचे तिच्यावर उपकार आहेत."

"करील. माझ्यासाठी करील," चंपाबाई म्हणाल्या. "म्हनून तर न्यायचं नाय."

"अहो, मग तुम्हाला जन्मभर तळघरात बसावे लागेल."

"बसंन."

"चंपाबाई, एका सहीने काय होणार आहे? तुम्ही तर नजर मानीतच नाही."

"सर, तुम्ही शिकलेले. जरा बघा की." त्या पायरीवर बसल्या आणि मलाही बसायला खूण केली. "उद्या पोरीला ताप आला. येतोच पोरांना. दात येताना येतो, पानी बदललं की येतो. ती बाई रातभर पोर घिऊन बसंल आन् तिला काय आठवंल? ही सही. म्या लिहून दिलं, पोर चांगली हाय म्हनून. त्या तापाला औषिद हाय का तुमच्याकडं?"

मी त्यांना समजावण्याचा आणखी प्रयत्न केला. आफरीनला नीट सांगता येईल, डॉक्टरांकडून बोलवून घेता येईल, असे काही काही म्हणालो. त्यांनी तो कागद माझ्या हातातून घेतला, त्याची दोनदा घडी घातली आणि तो स्वतःच्या कमरेला खोचला. मी तो पुन्हा लिहू शकलो असतो. त्यांनाही ते ठाऊक होते.

"नका लिहू," त्या एवढेच म्हणाल्या आणि उरलेल्या पायऱ्या झाडू लागल्या.

शुक्रवारी मी सव्वापाचपर्यंत टेबलाशी बसून राहिलो. त्यानंतर ऋतुराज सरांना एका ओळीत कळवले की मातेचे निवेदन प्राप्त झालेले नाही. त्या ओळीखाली मी तीस वर्षांत प्रथमच 'राजेंद्र पुंजाराम' असे पूर्ण नाव लिहून सही केली. त्यांनी तिकडे लक्ष दिले नाही, आणि चंपाबाईंना सोमवारी सकाळी धुलाई विभागात हजर होण्याचा आदेश निघाला.